या वयात मिडी

गेल्या महिन्यात 'मिडी' या एका शब्दावरून आमच्या बेंबळीच्या घरी जो घोळ झाला, तो तुम्हाला सांगायलाच हवा...

मी कळंबला शाळेत शिकवते. पोरांच्या कवितांना चाली लावते आणि त्या घरीच लॅपटॉपवर रेकॉर्ड करते. माउसनं एकेक सूर ठोकून वैतागले होते, म्हणून लॅपटॉपला जोडून पेटीसारखा वाजवायचा, परवडेल असा एक मिडी कीबोर्ड घ्यायचं ठरवलं.

शनिवारी माहेरी गेले तेव्हा आईला सहज म्हणाले, "मी मिडी घेतेय." आईनं भाकरी थापता थापता मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आगं, पोरगी धाव्वीला गेली तुजी... या वयात मिडी घालनार व्हय?"

हसून हसून पोट दुखलं. नव्या पोरींना माहीत नसेल, पण आमच्या लहानपणी गुडघ्याखाली येणाऱ्या फ्रॉकला मिडी म्हणायचे. माझ्याकडं एकच होती... लाल, पांढऱ्या ठिपक्यांची, जयंतीच्या कार्यक्रमासाठी शिवलेली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वस्तीतल्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. जयंतीला विहारासमोर मंडप पडायचा आणि आम्ही पोरी कोरसला उभ्या राहायचो. स्वतः गाताना अण्णा काळी एकचा सूर धरायचे, पण आमचे आवाज उंच म्हणून आमच्यासाठी काळी चार. ती मिडी मला आखूड झाली तेव्हा आईनं ती उसवून पेटीला कव्हर शिवलं.

ते कव्हर गेल्या महिन्यातही पेटीवरच होतं. दोन वर्षं निघालेलंच नव्हतं... अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला, बाकी सगळं सावरलं, पण डावा हात गेला तो गेलाच. आणि डाव्या हाताशिवाय पेटीचा भाता हलवणार कोण?

आई एकदा बसली होती भाता धरायला. "भाता एकाचा आन् बोटं एकाची, न्हाय जमत," म्हणून अण्णांनी पेटी झाकून टाकली. घरात पेटी आहे आणि सूर नाही, हे मला सहन होत नव्हतं. पण करणार काय...

असो. तर मी रीतसर अभ्यासाला लागले. पंचवीस पट्ट्यांचा घ्यावा की एकोणपन्नास, ताल वाजवायचे पॅड हवेत का, गोल गोल फिरवायची बटणं हवीत का... व्हिडिओ बघून बघून नवऱ्याचं डोकं खाल्लं. शेवटी पंचवीस बारीक पट्ट्यांचा, रंगीत दिवे लागणारा एक मागवला. खांद्यावरच्या झोळीत मावेल एवढुसा.

पुढच्या रविवारी मिरवायला म्हणून तो बेंबळीला घेऊन गेले. अण्णांनी उजव्या हातानं एक पट्टी दाबली आणि कान देऊन बसले. "मुका हाय की गं ह्यो," म्हणाले.

बरोबरच होतं त्यांचं. मिडी कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो, तो कॉम्प्युटरकडून मागून आणावा लागतो. मी वायर लॅपटॉपला जोडली आणि हार्मोनियमचा आवाज लावून दिला.

अण्णांनी परत पट्टी दाबली. सूर आला... त्यांनी बोट उचललं नाही, सूरही थांबला नाही. त्यांनी मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं.

"ह्याला भाता न्हाय?"

"नाही, अण्णा."

"मग वारा कोण घालतंय?"

"लागतच नाही वारा..." आणि हे म्हणताना मला स्वतःलाच पहिल्यांदा कळलं मी काय बोलतेय. इतके दिवस एवढी माहिती गोळा केली, पण ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती.

अण्णा सरसावून बसले. जुनी एक चाल धरली. पण त्यांची बोटं शेतकऱ्याची, जाडजूड... त्या बारीक पट्ट्यांवर एका बोटाखाली दोन सूर वाजायला लागले. थोडा वेळ झगडले आणि हात मागं घेतला. "चांगला हाय. तुज्या पोरांला हुईल," म्हणाले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

ते 'चांगला हाय' माझ्या फार जिव्हारी लागलं.

घरी येऊन तो कीबोर्ड परत पाठवला. दुसरा निवडताना एकच अट ठेवली, अण्णांचं बोट एका पट्टीवर नीट मावलं पाहिजे. पॅड नाहीत, दिवे नाहीत, पण एकोणपन्नास पट्ट्या, पेटीसारख्या ऐसपैस... आणि खिशालाही जमला.

तो बेंबळीला नेऊन लॅपटॉपला जोडला, तेव्हा अण्णा हातपाय धुऊन बसले. आधी नुसते सूर चाचपले. मग एकदम आमच्या कोरसची चाल काढली, तीही काळी चारमध्ये, आणि माझ्याकडं बघत थांबले.

मी गायला लागले. अंतऱ्याला आवाज पार फाटला. अण्णांनी चाल न थांबवता काळी दोनवर उतरवून घेतली आणि हळूच म्हणाले, "वय झालं की गं तुजं." मी गात होते, रडत होते, हसतही होते... आई दारात भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी उभी होती.

आता कीबोर्ड बेंबळीलाच असतो. शनिवार-रविवारी मी लॅपटॉप घेऊन तिकडं जाते आणि शाळेच्या गाण्यांना अण्णा पेटी वाजवतात. परवा निघताना आईनं धूळ बसू नये म्हणून पेटीवरचं ते लाल कव्हर काढून कीबोर्डवर घातलं. दोन्ही टोकं उघडीच राहिली.

आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "आखूड झाली बग परत तुजी मिडी."

लाल कापड शोधतेय... पांढऱ्या ठिपक्यांचं. कुणाला दिसलं तर सांगा.