स्टिअरिंग, बटण आणि तोंड

एक माणूस टीव्हीसमोर बसला तर वेळ जातो. सहा माणसं बसून युद्ध खेळायला लागली तर किस्से होतात! साता समुद्रापलीकडच्या आमच्या बेटावर, व्हाकोआ गावच्या घरात ऐंशीच्या दशकात असे इतके किस्से साठले, की अजूनही लग्नकार्यात कोणी भेटलं की "कशी आहेस?" विचारायच्या आधी "ते रणगाड्यांचं सांग ना!" म्हणतं. मग काय, सांगते.

बाबांचा धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्यानं परदेशातून टीव्हीला जोडायचा एक व्हिडिओ गेम आणला. पडद्यावर दोन रणगाडे, मधे भिंती, आणि समोरच्याला उडवायचं. खोक्यावर वाळवंटातल्या महायुद्धाचं चित्र होतं, म्हणून एक बाजू इंग्रज आणि दुसरी जर्मन. हातात धरायला दोन दांडे आणि प्रत्येक दांड्यावर एक तांबडं बटण.

खेळायला माणसं दोनच लागायची आणि शनिवारी दुपारी आमच्याकडे जमायचं अख्खं खानदान. बाबा सरकारी कारकून. एका माणसाचं काम तिघांत कसं वाटायचं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं! त्यांनी प्रत्येक बाजूची टीम ठरवली. एकानं दांडा धरायचा, तो 'स्टिअरिंग'. दुसऱ्यानं नुसतं बटण दाबायचं, तो 'बटण'. तिसऱ्यानं मागे बसून ओरडायचं, तो 'तोंड'.

सगळ्यांना तोंडच व्हायचं असायचं.

त्या वर्षी घरात दोनच विषय होते, रणगाडे आणि माझं लग्न. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि आईच्या मते पहिला विषय दुसऱ्याच्या मुळावर आला होता. माझ्या मनात एक जण होताही. कांप दे मास्क गावचा वसंत. घरची भाजीपाल्याची शेती, गणपतीत ढोलकी वाजवायचा, आणि वाजवताना खाली मान घालून हसायचा. ते हसू मला फार आवडायचं. पण नुसतं मला आवडून काय उपयोग? त्याच्या वडिलांच्या मनात यायला हवं होतं.

*

आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. खोक्यावरच्या चित्रात एक रणगाडा हिरवा आणि एक तांबडा. आमच्याकडे दोन्ही करडे!

पहिल्याच शनिवारी बाबांची टीम विरुद्ध मामाची टीम असा सामना झाला. बाबांनी दांडा असा काही पिळला की कपाळावर घाम आला. पडद्यावर एक रणगाडा सारखा मार खात होता आणि बाबा खूश होत होते. फेरी संपल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली.

"हाणला का नाय?"

मामा शांतपणे म्हणाला, "भावोजी, जो मार खाईत होता तो तुमचा."

"मग मी एवढा वेळ चालवीत होतो तो कुणाचा?"

मामानं टेबलाखाली बघितलं आणि म्हणाला, "कुणाचाच नाय. तुमची वायर सुटल्याय!"

*

हा मामा माएबूर्गचा, तिथल्या एका हॉटेलात कामाला. त्याला इंग्रजही नको असायचे आणि जर्मनही नको. "मी फ्रेंच!" म्हणायचा. कारण त्याच्या गावासमोरच्या समुद्रात पूर्वी कधीतरी फ्रेंचांनी इंग्रजांना हरवलं होतं. ती लढाई मामा अशी सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं हा स्वतः तोफेला बत्ती द्यायला हजर होता.

"अरे, पण ती लढाई जहाजांची," बाबा म्हणाले.

"मग ह्या भिंतींना बेटं समजा!"

आणि त्या दिवशी तो जिंकलाही. छाती फुगवून सगळ्यांकडे बघत म्हणाला, "माएबूर्गात फ्रेंच हरत नाय!"

आई आत गातो पिमां तळत होती. मिरचीची ती भजी झाऱ्यात तशीच धरून ती दारात आली. "जिंकलात ना? मग आमच्या पोरांना परीक्षा इंग्रजीत का द्यायला लागतात रं?"

मामानं झाऱ्यातलं एक भजं उचलून फुंकर मारली. मग म्हणाला, "लढाई जिंकलो गो. बेट हरलो."

*

खरं युद्ध बघितलेला आमच्यात एकच माणूस, सखाराम काका. बाबांचे थोरले भाऊ. तरुणपणी इंग्रजांनी त्यांना मजुरांच्या पलटणीत घालून इजिप्तच्या वाळवंटात नेलं होतं. त्यामुळे साहजिकच काकांना सेनापती केलं. सगळे कान टवकारून बसले.

काका बराच वेळ पडदा बघत राहिले. मग विचारलं, "पाणी कुठाय?"

"काका, ह्यात पाणी नसतं."

"मग लढाई कसली? मी सगळी लढाई पाण्याची पिंपं वाहिली. पाणी नाय तर गाडीपण चालत नाय आन् माणूसपण नाय." आणि आईला हाक मारून त्यांनी सगळ्यांसाठी व्हॅनिलाचा चहा मागवला. तेव्हापासून चहा आल्याशिवाय युद्ध सुरू होत नसे.

एकदा मात्र मामाचा रणगाडा गोळी लागून गरगर फिरला, तशी सगळी मंडळी खदाखदा हसली. काका हसले नाहीत. "कुणाचातरी पोरगा असतोय त्याच्यात," एवढंच म्हणाले. मामानं हळूच दांडा खाली ठेवला.

काकांनीच मग सगळ्यांकडे बघितलं. "गप काय बसलाव? आता माझी पाळी हाय!"

*

माझा चुलतभाऊ गणेश म्हणजे आमचं सगळ्यात चांगलं स्टिअरिंग. पण पोराचं सगळं आयुष्य क्रिओलमध्ये, आमच्या बेटावरच्या बोलीत, चाललेलं. मराठी त्याला समजायची, तीसुद्धा हळू बोललं तर.

एकदा आमचा रणगाडा भिंतीआड मस्त दबा धरून बसला होता. शत्रू कोपऱ्यावर दिसला. तोंड होते सखाराम काका. ते जीव खाऊन ओरडले, "आले! आले!"

आता क्रिओलमध्ये 'आले' म्हणजे 'चल, निघ!' गणेशनं रणगाडा भरधाव बाहेर काढला आणि थेट शत्रूच्या तोंडासमोर नेऊन उभा केला. पुढचं सांगायला नकोच.

"अरे, आले म्हंजे ते आले रं! तू कुठं चाललास?"

गणेश हिरमुसला आणि शब्द जुळवत म्हणाला, "बोन, बरं. मग आपण निघायचं तेव्हा तुम्ही काय बोलणार, काका?"

काकांनी विचार केला. "तेव्हा मी 'गेलो' बोलीन."

पुढच्या फेरीत काका "गेलो! गेलो!" ओरडले, आणि आम्ही खरोखरच गेलो.

*

पुढचा किस्सा बाबांसमोर कोणी काढायचा नाही.

क्युरपीपची मंडळी मला बघायला आली होती. मुलगा बँकेत, वागायला सभ्य. चहा झाला, बोलणी चांगली रंगली आणि मुलाची नजर गेमवर गेली. बाबांनी हौसेनं त्याला दांडा दिला. पोरगा खेळायलाही चांगला! मामाचा रणगाडा त्यानं कोपऱ्यात कोंडला. जिंकणार एवढ्यात मामा आपल्या बटणावर ओरडला, "तीर! तीर!"

मामाला म्हणायचं होतं, गोळी मार. पण क्रिओलमध्ये कुठलीही गोष्ट काढायची असली तरी 'तीर'च म्हणतात. आई टीव्हीच्या प्लगजवळ बसली होती. एवढा ओरडतोय म्हणजे धूरबीर निघाला असणार, असं तिला वाटलं. तिनं प्लगच उपटला.

पडदा काळा. मुलाचे काका बाबांकडे बघतात, बाबा आईकडे, आई मामाकडे.

"आयो!" मुलाचे काका उठत म्हणाले. "आमचा पोरगा जिंकायला आला तर तुम्ही लाइटच काढता?"

स्थळ गेलं. बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत. मला त्यांची दया आली, पण खोटं कशाला बोलू, मनातून हलकंही वाटलं.

*

मग एका शनिवारी कांप दे मास्कहून वसंतचे आईवडील आले. बरोबर वसंत.

बाबांनी गेम कपाटात कोंडून ठेवला. पण वसंतचे वडील, गोविंदबाबा, खुर्चीत टेकतात न टेकतात तोच म्हणाले, "तो रणगाडा कुठं हाय? क्युरपीपवाल्यांनी सगळीकडे बोंब मारल्याय."

बाबांचा चेहरा पडला. गेम बाहेर निघाला.

"पोरगीपण खेळते म्हणं," गोविंदबाबा म्हणाले. "बसू दे की तिला."

बाबांनी गणेशला आणि मला स्वयंपाकघरात ओढलं. "ऐका. हरायचं. कळू न देता हरायचं. तू बटणाला हातपण लावू नको गो. हे स्थळ गेलं तर मी आता कुणाच्या दारात जाऊ?"

मी मान हलवली.

आमच्याकडून गणेश स्टिअरिंग, मी बटण, बाबा तोंड. त्यांच्याकडून वसंत स्टिअरिंग, त्याची आई मांडीवर पर्स ठेवून बटण, आणि गोविंदबाबा तोंड.

युद्ध सुरू झालं आणि काहीच होईना! आमचा रणगाडा आपल्या भिंतीआड, त्यांचा त्यांच्या.

"या की, पुढं या," बाबा म्हणाले.

"छे छे, आधी तुम्ही मारा," गोविंदबाबा म्हणाले.

बाहेर व्हाकोआचा नेहमीचा पाऊस पत्र्यावर वाजत होता. मग वसंतचा रणगाडा हळूच भिंतीआडून निघाला. सावकाश आला आणि बरोबर माझ्या तोफेसमोर येऊन थांबला. त्यानं दांडा सोडून दिला. पडद्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. माझ्याकडे बघून तो तसाच, खाली मान घालून हसला.

"दाबू नको," बाबा मागून पुटपुटले.

माझं बोट बटणावर होतं. आज हरले तर पसंत पडेन, हे कळत होतं. पण आज हरून त्या घरात गेले तर तिथं जन्मभर हरतच राहावं लागेल, असंही वाटलं.

मी दाबलं.

वसंतचा रणगाडा गरगर फिरत पार पडद्याच्या कडेला गेला. कोणी हसलं नाही. बाबांनी डोळे मिटून घेतले. वसंतच्या आईनं पर्स उचलून छातीशी धरली.

गोविंदबाबांनी चहाचा कप खाली ठेवला, मिशीवरून हात फिरवला आणि बाबांकडे वळून म्हणाले, "व्याही, दुसरा डाव लावा. पण आता ही पोर आमच्या बाजूला बसंल!"