नवा साहेब खुर्चीत बसेपर्यंत

हुडकेश्वरच्या आमच्या घरात, वरच्या खोलीत काबूलची एक मुलगी भाड्याने राहायची. पदवीसाठी आली आणि पहिल्याच वर्षी मागे तिच्या देशातलं सरकार पडलं. वडील जुन्या सरकारात न्यायाधीश होते, ते तिथेच कुठेतरी लपून राहिले. पोरगी वर्षभरात माझ्या बायकोसारखं बोलायला शिकली.

तिच्या पासपोर्टची मुदत संपायला अवकाश होता. दिल्लीतली जुन्या सरकारची वकिलात तेव्हा उघडी होती, मुदत वाढवून देत होती. ती मला विचारायला आली. मी जन्मभर सरकारी कचेरीत हेडक्लार्क. साहेबाची बदली व्हायची असली की आम्ही फाइल हलवत नसू, कारण जाणाऱ्याची सही येणारा मानत नाही. तेच शहाणपण मी पाजळलं. म्हणालो, "थांब बेटा. नव्या साहेबाले खुर्चीत बसू दे." ती थांबली.

मग वकिलातीला कुलूप लागलं. इकडे टीव्हीवर रोज नवा तमाशा. चीनला तिथल्या खाणी हव्या होत्या, रशियाने मान्यता देऊन टाकली, पाकिस्तान आधी हक्क सांगायचा आणि मग भांडायचा, आणि आपणही पायघड्या घातल्या. सकाळच्या चहाला शेजारी आणि मी मॅच पाहावी तसे बातम्या पाहायचो. काबूलच्या नव्या सरकारचा मंत्री दिल्लीला आला, पाकिस्तानची जिरली, म्हणून मी टाळीसुद्धा वाजवली. वर तिला ऐकू गेली असणारच. त्या टाळीची मला अजून लाज वाटते.

पोलिसांच्या परदेशी नागरिकांच्या कक्षात सांगितलं, चालू पासपोर्ट नसेल तर व्हिसा वाढणार नाही. परत जावं तर तिकडे मुलींना कॉलेज बंद.

"तिले थांब म्हणून काहून सांगितलं तुम्ही?" बायको म्हणाली. "लोकाची पोरगी म्हणजे तुमची फाइल हाये काय?"

मी ताटावरून उठलो.

शेवटी नव्या सरकारची माणसं दिल्लीच्या त्याच वकिलातीत कामाला बसली. पासपोर्टचा अर्ज भरताना एक रकाना आला : वडिलांचा सध्याचा पत्ता. तिचा हात थांबला. मी म्हटलं, "आमचा लिही. नाहीतर जुना लिही."

"खोटा निघाला तं पासपोर्ट नाही भेटणार, काका." ती खाली पाहून बोलत होती. "बाबाले फोन केला मी. बाबा म्हणे, लिही."

हा अर्ज तिकडे कोण कोण वाचणार, हे मला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. तिने लिहिलं. जिल्हा, गाव, कोणाच्या घरामागची खोली, सगळं सुवाच्य. मग कागद माझ्यापुढे सरकवला.

"एकदा पाहून घ्या, काका."

मी चष्मा लावला, ओळ न ओळ तपासली आणि म्हणालो, "बराबर आहे."