चक्कर आणि बाहेरची कडी

सहा आठवडे माझी आई मला घरात कोंडून बाजाराला जात होती. मी तेव्हा चौतीस वर्षांची, अंबरनाथच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये नऊ वर्षं नोकरी केलेली बाई. आणि आई भाजीची पिशवी घेऊन निघाली की दाराला बाहेरून कडी! आज हे सांगितलं की लोक हसतात. तेव्हा मला हसू वगैरे आलेलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. आम्ही दोघीच, बदलापूरला खरवईत राहायचो. नवी बिल्डिंग, तिसरा मजला, एक खोली नि स्वयंपाकघर, समोर चार बिऱ्हाडांत मिळून एक गॅलरी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. लॅबमध्ये माझं काम बॉयलरच्या पाण्याचं. पाण्यात चुना किती आहे ते काचेच्या उंच नळीतून थेंब थेंब द्रावण सोडून मोजायचं. त्या नळीला ब्युरेट म्हणतात. ती वरून भरताना मान मागं टाकून बघावं लागतं. एका सकाळी मी असंच वर बघितलं आणि आख्खी लॅब गर्रकन फिरली. ब्युरेट फुटली, मी टेबलाला मिठी मारली, शिपायाने खुर्ची आणली. अर्ध्या मिनिटात सगळं जागेवर. वाटलं, पित्त असेल.

पित्त नव्हतं. दुसऱ्या दिवशी अंथरुणात कुशीवर वळले तर छप्पर माझ्याबरोबर वळलं आणि वळतच राहिलं. तिसऱ्या दिवशी गॅलरीत दोरीवर साडी टाकायला वर बघितलं नि तोल गेला. कठडा माझ्या कमरेएवढा, खाली तीन मजले. आई मागेच उभी होती. तिने पदराला धरून मला मागं ओढलं.  त्या दिवसापासून कडी सुरू झाली. खोटं कशाला बोलू, तिच्या जागी मी असते तर मीही घातली असती.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मानेवर दोन बोटं फिरवली, म्हणाले, मणका झिजलाय, नि गळ्यात पट्टा बांधला. त्या काळी चक्कर म्हटली की पट्टा. आमच्या बिल्डिंगमध्येच तीन पट्टे होते. मान हलवायची नाही, आडवं वळायचं नाही, वर बघायचं नाही. आईने हे असं मनावर घेतलं की मी नुसती हाकेला वळले तरी ती ओरडायची, "मान! मान!" शेजारच्या काकू खिडकीतून डोकावून जायच्या, मान सरळ आहे ना बघायला. मला पहाऱ्यावर ठेवलं होतं सगळ्यांनी. मी मुळात तापट. चार आठवडे समोरच्या भिंतीकडे बघत बसले आणि मनातल्या मनात सगळ्या बिल्डिंगला शिव्या दिल्या. चक्कर मात्र होती तिथेच.

तेवढ्यात कारखान्यातून निरोप आला. लॅबच्या साहेबांनी पंधरा दिवसांनंतरचा बुधवार दिला होता. त्या दिवशी यायचं, त्यांच्यासमोर ब्युरेट भरून दाखवायची. जमलं तर जागा माझी, नाही तर नवीन मुलगी घेतलीच होती. निरोप घेऊन आलेली माझी लॅबमधली मैत्रीण पट्टा बघून म्हणाली, "अगं, हे मानेचं नसेल. माझ्या वहिनीला असंच होत होतं. कानाच्या डॉक्टरांना दाखव."

ते डॉक्टर उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये. म्हातारे सिंधी गृहस्थ, कापडाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर दवाखाना. आई बाहेर बाकावर बसली, आत जागाच नव्हती. डॉक्टरांनी आधी पट्टा काढून टेबलाखाली टाकला. मला टेबलावर बसवलं, माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, उजवीकडे वळवलं आणि काही कळायच्या आत मला मागं आडवं पाडलं. मी किंचाळले. "डरो मत, मी पकडलंय," म्हणत ते माझ्या डोळ्यांत वाकून बघत होते. छप्पर फिरलं, फिरलं, थांबलं. डॉक्टर खूश! "मिल गया! बेटी, मान तुझी एकदम फर्स्ट क्लास आहे. हा उजव्या कानाचा मामला."

मग त्यांनी समजावलं. कानाच्या आत चुन्याचे बारीक बारीक खडे असतात. ते जागा सोडून भलत्या नळीत शिरले की डोकं हलल्यावर तेही हलतात, आणि माणसाला वाटतं जग फिरतंय. मी म्हटलं, "कॅल्शियम कार्बोनेट?" ते म्हणाले, "अरे, तुला कसं माहीत?" नऊ वर्षं मी दुसरं काय मोजत होते? महिन्याभरात पहिल्यांदा मी मोठ्याने हसले.

व्यायाम असा होता. पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं. मान डावीकडे वळवायची आणि उजव्या कुशीवर झटकन पडायचं, नाक छताकडे. चक्कर येणार. उठायचं नाही, ती थांबेपर्यंत पडून राहायचं, कमीत कमी तीस आकडे. मग उठून बसायचं, पुन्हा तीस. मग मान उजवीकडे करून डाव्या कुशीवर. असं पाच वेळा, दिवसातून तीनदा, दोन आठवडे. "तू चक्करला घाबरून हलत नाहीस, म्हणून ती जात नाही," डॉक्टर म्हणाले. "आता रोज तिला स्वतःहून बोलाव. येऊन येऊन थकेल."

आईला एवढंच सांगितलं की मानेचा व्यायाम दिलाय. तिला वाटलं, शाळेत कवायत करतात तसं काही असेल.

दुसरा दिवस मंगळवार. पट्टा सुटला म्हणून मी महिन्यानंतर डोक्यावरून न्हाले. ओले केस मोकळे सोडून पलंगाच्या कडेला बसले, मनात देवाचं नाव घेतलं नि उजवीकडे पडले. दोन-तीन सेकंद काही नाही, आणि मग खोलीने मला उचलून असं गरागरा फिरवलं की मी "आई गं, आई गं" करत पलंगाचा कठडा आवळला. डोळे आपोआप थडथड उडत होते. उठले तर खोली उलट्या बाजूने फिरायला लागली, मी बसल्या बसल्या डुलायला लागले. आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिच्यामागे वाटीभर साखर मागायला आलेल्या काकू. आता बघा, मंगळवार, न्हालेली बाई, केस मोकळे, डोळे फिरतायत, अंग डोलतंय, तोंडात आईचा धावा. काकूंनी साखरेची वाटी खाली ठेवली नि हात जोडले. "अहो, हिच्या अंगात आलंय!"

मी भडकले. "हात लावू नका मला! व्हा बाजूला! निघा इथून सगळ्या!"

झालं. देवी याहून वेगळं काय बोलते? काकूंनी देव्हाऱ्यातलं कुंकू आणून माझ्या कपाळभर फासलं आणि गॅलरीतून आणखी दोघींना हाक मारली.

मी शंभर वेळा सांगितलं. कान, खडे, चुना, डॉक्टर. बायका समजूतदारपणे माना हलवायच्या, म्हणायच्या, तिला स्वतःला कुठे कळतं बिचारीला. स्वयंपाकघरात आडवं पडायला जागा नाही. बाहेरच्या खोलीचं दार आतून लावलं तर आई ते असं ठोठावायची की सगळा मजला गोळा व्हायचा. मंगळवारी नि शुक्रवारी सकाळी पाच-सहा बायका खण-नारळ घेऊन सतरंजीवर बसायला लागल्या. मी पडायची, घुमायची, दात आवळून तीस मोजायची, आणि त्या प्रश्न विचारायच्या. एकीने विचारलं, मुलगा दहावीला पास होईल का. मी कळवळत म्हटलं, "अभ्यास कर म्हणावं मेल्याला!" तिने तो कौल म्हणून पदराला गाठ मारली.

गंमत वाटली असती, पण आई बदलली होती. महिनाभर घाबरलेली, रडवेली आई आता ताठ बसायची, आलेल्या बायकांना चहा करायची. एकदा मी दाराआड उभी होते, ती काकूंना सांगत होती, "म्हणून तर हिचं कुठे जमलं नाही. देवीनं राखून ठेवलं होतं माझ्या पोरीला."

मी तिथेच भिंतीला टेकले. राग आला, आणि रागाच्या खाली दुसरंच काहीतरी दुखलं. मला नकार देऊन गेलेली सतरा स्थळं होती. मी मोजली होती. आईनेही मोजली असणार.

पट्ट्यापेक्षा देवी वाईट निघाली. पट्टा निदान डॉक्टर सोडवतो. आता देवीचं माणूस कारखान्यात कसं जाणार, तिथे कुणाकुणाला शिवणार, असं सुरू झालं. आई म्हणाली, "बुधवारी तुझ्या मैत्रिणीपाशी निरोप देते. येणार नाही म्हणून." मी आरडाओरडा केला, ताट ढकललं. ती शांतपणे ताट उचलून म्हणाली, "ओरड हो, आई. ओरड." मला आई म्हणाली ती!  मी ओरडले तर देवी, गप्प बसले तर आजारी. आणि ती बाजाराला निघाली की कडीचा आवाज यायचाच.

मग मी एकच केलं. पडत राहिले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, पाच पाच वेळा. कुणी बसलेलं असो नसो. आठव्या दिवशी चक्कर अर्धी झाली. अकराव्या दिवशी नुसतं डोकं जड व्हायचं. बुधवार जवळ येत होता.

आदल्या मंगळवारी सतरंजी भरलेली होती. मी पलंगाच्या कडेला बसले, उजवीकडे पडले आणि डोक्यावरच्या पंख्याकडे बघत तीस मोजले. पंखा जागेवर. उठले, डावीकडे पडले. पंखा जागेवर. पुन्हा उजवीकडे. त्याच्या पात्यांवरची धूळसुद्धा स्वच्छ दिसत होती. पाच वेळा पूर्ण केलं.  काकू हळूच म्हणाल्या, "आज येत नाही का?"

मी आईकडे बघितलं. ती देव्हाऱ्यापाशी बसली होती आणि माझ्याकडे अशी बघत होती, कशी सांगू, मुलगी बघायला आलेले लोक पोहे खाऊन उठले की दारात उभी राहून बघायची तशी. डोळे फिरवणं मला काही जड नव्हतं. दोन आठवडे सराव होता. एक क्षण खरंच वाटलं, फिरवावेत.

पण बुधवार उद्यावर आला होता. मी उठले, केसांची गाठ मारली आणि म्हटलं, "बायांनो, गेली ती. आता यायची नाही."

बायका उठल्या. जाताना एकीने नारळ ठेवला तो ठेवलाच. घरात आम्ही दोघीच उरलो. आईने सतरंजी झटकली, घडी केली, पुन्हा उलगडून पुन्हा घडी केली. म्हणाली, "आता लोकांना काय सांगू मी?"

"कशाचं?"

"तेच. मुलगी घरात कशी अजून, ते."

मी तडकून म्हटलं, "सांग, कामाला जाते!"

"नऊ वर्षं तेच सांगतेय गं," आई म्हणाली. "पुरत नाही त्यांना."

  ते लोक मला कधीच काही विचारत नव्हते, सगळं तिलाच विचारत होते, बाजारात, नळावर, लग्नकार्यात. मी त्या वेळी लॅबमध्ये असायची. मी तिच्याजवळ बसले आणि दोघी रडलो. मग तिने उठून नारळ फोडला नि वड्या केल्या.

बुधवारी सकाळी तिने डब्यात वड्या घातल्या आणि रिक्षाच्या नाक्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आली. माझं कोपर धरलं नाही. मान हा शब्द उच्चारला नाही. सहा आसनी रिक्षा भरत होती. मी विचारलं, "कुलूप लावलंस ना?"

"कडी घातलीये."

"बाहेरून?"

"हो."

"अगं, पण नुसती कडी घालायला आत कोण आहे?"

 तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं. "सवय," म्हणाली, आणि ओशाळून हसली.

रिक्षा सुटली. सहा आठवड्यांनी मी पहिल्यांदा पूर्ण मान वळवून मागं बघितलं. काहीही फिरलं नाही. रस्ता सरळ होता, नाका सरळ होता, आणि रिकाम्या घराला कडी घालून आई तिथेच उभी होती. कुठे जायचं, हे तिला ठरवता येत नव्हतं.