उशी फिरवणाऱ्या सिस्टर

"मोरी कुठंय?"

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की सिस्टरांचं पहिलं वाक्य हेच. घरातली बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी, आणि ह्या पदर खोचून, बांगड्या वर सारून मोरीकडे निघालेल्या. हात धुवायला त्यांना इतका वेळ लागायचा की तोवर चहा निवून जायचा. तो निवलेला चहा एका घोटात संपवून म्हणायच्या, "हं, आता दावा पेशंट."

अशी सगळ्यांना हवीहवीशी वाटणारी एखादी बाई तुमच्याही पाहण्यात असेल. लांबून फार छान वाटतं. तिच्या शेजारी बसून नोकरी करून बघा, मग माझं दुखणं तुम्हाला कळेल.

आळेफाट्याला एका टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं कम्युनिटी कॉलेज भरायचं. बारावीनंतर घरी बसलेल्या मुलींना काहीतरी हाती लागावं म्हणून काढलेलं. मी तिथे अभ्यासकौशल्यं आणि करिअर नियोजन शिकवायचे, सिस्टर नर्सिंगचा कोर्स घ्यायच्या. मी एम. ए., बी. एड. त्या मूळच्या घाटघरच्या, आरोग्य उपकेंद्रात उभा जन्म काढून निवृत्त झालेल्या. दोन वर्ग आणि मध्ये प्लायवूडची भिंत. माझ्या बाजूला पंख्याचा आवाज यायचा, त्यांच्या बाजूने हसण्याचा.

मी चार रंगांच्या स्केचपेनांनी तक्ते करायचे. उजळणी हिरवी, सराव निळा, विश्रांती पिवळी. सिस्टरांच्या तासाला तर वही उघडायचीच बंदी. "आधी हात, मंग वही," म्हणायच्या. "घरी जावा, भाकरी थापता थापता आठवा. आठवंल तेवढंच लिवा. जे आठवनार न्हाई ते उद्या परत करू." माझ्या पुस्तकात ह्या पद्धतीला मोठं भारदस्त नाव आहे. ते फळ्यावर लिहून मी दोन तास समजावलं होतं. पुढच्या आठवड्यात विचारलं, तर एकीलाही ते नाव आठवेना.

एकदा मी वर्गात विचारलं, "पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे पाहतेस?" आणे गावची एक मुलगी उठून म्हणाली, "सासरी, मॅडम." वर्ग खो खो हसला. मी तिला ध्येय या विषयावर एक पान लिहून आणायला सांगितलं. जिन्यात तीच मुलगी सिस्टरांना भेटली. त्यांनी विचारलं, "पाच वर्सांचं ऱ्हाऊ दे. तुझी शेवटची यष्टी कितीला?"

"साडेचारला."

"मंग तुझं प्रॅक्टिकल समद्यांच्या आधी घेते. पळ."

ती मुलगी आता नारायणगावला एका दवाखान्यात काम करते. नोकरी लागल्याचे पेढे घेऊन आली, तेव्हा माझ्याही टेबलावर एक ठेवला. पण आधी ती प्लायवूडच्या पलीकडे गेली होती आणि वीस मिनिटं तिथेच होती. मी घड्याळ बघत होते.

इथवरचा हेवा चालण्यासारखा होता. नोकरीत असं होतंच. पण मग आईला लकवा झाला, तिची डावी बाजू गेली, आणि सिस्टर माझ्या घरात आल्या.

घरात आम्ही दोघीच. मी कॉलेजात असताना शेजारच्या वहिनी आईपाशी बसायच्या. मी माझ्या सवयीने तक्ता केला. दर दोन तासांनी कूस बदलायची, बदलली की खूण करायची. तक्ता आईच्या खाटेवर भिंतीला लावला. संध्याकाळी घरी आले की सगळ्या चौकटींत खुणा. मी वहिनींना शाबासकी द्यायचे आणि मनातून स्वतःलाही.

एका शनिवारी सिस्टर दोन मुलींना घेऊन आल्या, कुणी न बोलावता. मोरी विचारली, हात धुतले, चहा निववला. मग आईला हळूच वळवून लुगडं बाजूला केलं. उजव्या खुब्यावर लाल चट्टा होता. त्यांनी बोटाने दाबून पाहिलं. बोट उचललं तरी लाली हलली नाही, म्हणजे एकाच कुशीवर पडून तिथे जखम धरायला लागली होती.

"पण कूस बदलत होतो आम्ही," मी म्हणाले. "हे बघा ना, सगळ्या खुणा आहेत."

वहिनी कोपऱ्यात चुळबुळत होत्या. शेवटी बोलल्या, "बदलत व्हते मॅडम, शपथ. पर पाच मिन्टात म्हातारी म्हनायची, परत फिरव. तिकडं निस्ती भिताड हाय. मंग मी फिरवायची."

सिस्टर तक्त्यासमोर उभ्या राहिल्या. "तक्ता झ्याक हाय, मॅडम. पर मावशीला रस्ता बघायचाय. त्ये ह्यात कुठं लिवलंय?"

मग त्यांनी एकच गोष्ट केली. उशी उचलली आणि खाटेच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. मुलींना हाताशी घेऊन आईचं डोकं तिकडे केलं आणि तिला डाव्या कुशीवर, पाठीला चादरीची घडी लावून, नीट वळवलं. आईच्या तोंडासमोर पुन्हा दार, दारातून रस्ता. "दोनी बाजूंनी दिसतोय का न्हाई? आता फिरवत जावा उशी."

आई हसली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा हसली. मी कौतुक करायला हवं होतं. मी मात्र भिंतीवरचा तक्ता सरळ करत बसले.

त्यानंतर दर शनिवारी त्या यायच्या. मुली आईवर शिकायच्या, अंग पुसायला, चादर बदलायला. आईची जीभ जड झाली होती, माझ्याशी ती हो-नाहीपुरतंच बोलायची. सिस्टर आल्या की तिला माहेरच्या विहिरीपासून सगळं आठवायचं. मी स्वयंपाकघरात चहा ढवळत ऐकायचे. एकदा आई म्हणाली, "पोरगी करती वो समदं. पर तिच्याम्होरं लाज वाटती. तिचं ढुंगान मी धुतलंय. आता तिनं माजं..."

"व्हय मावशी," सिस्टर म्हणाल्या. "म्हनून तर परक्यानं करायचं असतं."

परक्यानं! हा शब्द मला दिवसभर टोचत राहिला. माझ्या आईला परकी बाई जवळची आणि मी लाजेची.

एका गुरुवारी मी गरम पाणी घेऊन गेले, तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. शनवारी शिस्टर येतीया." बादली तिथेच ठेवून मी बाहेर आले. शनिवारी त्यांची चाहूल लागताच दारातच गाठलं.

"आता मला जमतं, सिस्टर. तुम्ही उगीच कशाला हेलपाटे घालता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, तेच सहन होईना. "बरं की. चांगलंच झालं. येवढं मावशीला भेटून जाते."

"झोपलीय ती."

आई टक्क जागी होती. दारापासून खाट पाच पावलांवर.

"मंग झोपू द्या," सिस्टर म्हणाल्या. मुलींना खुणेने मागे फिरवलं. जाता जाता एवढंच सांगितलं, "चट्टा चोळू नका. तेल निस्तं लावा."

कॉलेजात त्यांनी ह्याचा कधी उल्लेख केला नाही. डब्यातली चटणी पूर्वीसारखीच माझ्यापुढे सरकवायच्या. आईनेही एकदासुद्धा विचारलं नाही की सिस्टर का येत नाहीत. विसरली, असं मी मनाशी म्हटलं, आणि मला बरं वाटलं. हळूहळू ती मला अंग पुसू द्यायला लागली. सुरुवातीला डोळे घट्ट मिटून घ्यायची, मग तेही सुटलं. मी जिंकले होते.

ती बॅच संपली आणि सिस्टर नाशिकला लेकीकडे राहायला गेल्या. निरोपाच्या दिवशी मुली हमसून हमसून रडल्या. मी मुद्देसूद भाषण केलं. गेल्या उन्हाळ्यात मुलींच्या ग्रुपवर मेसेज आला, सिस्टर झोपेतच गेल्या. तेराव्याला मुली गाडी करून गेल्या. आईला सोडून येता येत नाही, असं मी कळवलं. कारण खरं होतं, त्यामुळे कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आईला सांगायला मी दोन दिवस घेतले. तिची पाठ पुसत होते, म्हणजे तोंड दिसत नव्हतं, तेव्हा सांगितलं. आणि मग राहवेना म्हणून तेही सांगितलं. "त्या दिवशी त्या तुला भेटायला आल्या होत्या, आई. तू झोपलीयस म्हणून मीच त्यांना दारातून परत पाठवलं."

आई रस्त्याकडे बघत राहिली. "ठावं हाय. आयकलं मी."

"मग हाक का नाही मारलीस?"

"खोकले व्हते की. तिनं आयकलं. मी जागी हाय ह्ये वळखून बी ती म्हनली, झोपू द्या." जरा दम खाऊन ती पुढे म्हणाली, "तुला एकटीलाच मी पायजे व्हते. मंग आमी दोगींनी काय करायचं?"

माझा हात तिच्या पाठीवर तसाच थांबला. मला रडू आलं, सिस्टरांसाठी आलं, अगदी खरं आलं. पण तुम्हाला खोटं कशाला सांगू, तेवढ्यातही हेवा वाटलाच. माझ्या आईचा खोकला दारात उभ्या असलेल्या त्या बाईला कळला होता. मीही तिथेच उभी होते, आणि मला तो ऐकूसुद्धा आला नव्हता.