छान झोपला

काशीत ज्याला मरण येतं, त्याची जन्ममरणाच्या फेऱ्यातून कायमची सुटका होते. हे मी इथे आल्यापासून ऐकते आहे, आणि ज्यांच्याकडून ऐकलं ती सगळी माणसं ताप चढला की आधी दवाखाना गाठतात. माझी आई गेल्या डिसेंबरात काशीत वारली. ती मोक्षासाठी आलेली नव्हती. माझी बाळंतपणाची रजा संपत आली होती, बाळाकडे बघायला कोणी नव्हतं, म्हणून ती मिरजेहून आली होती.

मी इथल्या एका कॉलेजात शिकवते, नवरा रेल्वेत आहे. दूधविनायकच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहतो. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या चाची खिडकीतून हात लांब करून मीठ देऊ शकतात, आणि सल्ला द्यायला तर हातही लांब करावा लागत नाही.

आईने आल्या दिवसापासून घराचा ताबा घेतला. पाय पसरून त्यावर बाळाला घालून अंघोळ, मग ओव्याची धुरी, मग दुपट्यात घट्ट गुंडाळणं. मला दूध कमी होतं, रात्री बाटलीच द्यावी लागायची. कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तिने बाळाचं अंथरूण स्वतःच्या खोलीत नेलं. अंथरूण म्हणजे तिच्याच जुन्या सुती साड्यांची गोधडी, मिरजेहून बरोबर आणलेली. "तुला सकाळी पोरांसमोर उभं राहायचंय," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

सकाळी मी विचारायची, कसा झोपला? चहाचं आधण ठेवता ठेवता ती म्हणायची, "छान झोपला."

कॉलेजात बाकीच्या बायका आपापल्या मुलांच्या जागरणाच्या कथा सांगायच्या तेव्हा मी नम्रपणे गप्प बसायची. पहिल्या नंबराने पास झालेल्या मुलाची आई बसते तशी.

दोन गल्ल्या ओलांडल्या की विश्वनाथ, पण आईने शेवटपर्यंत दर्शन घेतलं नाही. मी आग्रह केला की म्हणायची, देव कुठे पळून जात नाही, बाळाची जरा घडी बसू दे, मग जाऊ. मला वाटायचं, रांगेचा कंटाळा.

एका सकाळी ती उठली नाही. बाळ शेजारी जागं होतं आणि स्वतःच्या पायाचा अंगठा पकडायच्या खटपटीत होतं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं, कळलंही नसेल.

मग फोन सुरू झाले. होते सांत्वनाचेच, पण दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यानंतर अभिनंदनाकडे वळायचे. केवढी पुण्याई, काशीत गेली. एका मावशीने "मणिकर्णिकाच ना?" असं दोनदा विचारून खात्री करून घेतली, लग्नाचं कार्यालय कोणतं ते विचारावं तसं. एका काकांनी आमच्याकडे राहायची सोय कितपत आहे, याची चौकशी केली. काकांची तब्येत उत्तम आहे.

दादा संध्याकाळच्या विमानाने आला. मणिकर्णिकेवर त्याने अग्नी दिला तेव्हा मी घरी बाळाला बाटली पाजत होते. त्या रात्रीपासून बाळ उठायला लागलं. तासाभरात एकदा, कधी त्याहूनही लवकर. नवरा त्याला खांद्यावर घेऊन फिरायचा, मग मी, मग पुन्हा नवरा. दादाही एकदा उठला, पण नुकतंच मुंडन केलेलं त्याचं डोकं बघून बाळ जास्तच रडलं. मी सगळ्यांना सांगितलं की तो आजीला शोधतो आहे. ते सगळ्यांना पटलं. मलाही.

बाराव्याला शय्यादान ठरलं, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने अंथरूण-पांघरूण दान द्यायचं. गुरुजींचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या याच मोहल्ल्यातलं. त्यांची मराठी इथे यायला निघाली तेव्हा शुद्ध असावी, वाटेत हिंदीला भेटून तिथेच राहिली. त्यांनी सामान सांगितलं होतं: गादी, रजाई, तकिया, छाता, चप्पल. सगळं नवं मांडून झालं, आणि दादाने आतून आईची गोधडी आणून त्यावर ठेवली.

मी म्हटलं, ती नाही.

"तिच्या वापरातली वस्तू द्यावी लागते," दादा म्हणाला. "तिला पोचते ती."

"तिला पोचून ती काय करणार? इथे ह्याला झोप नाही."

"तुझा कशावर विश्वासच नाही."

"गोधडीवर आहे."

दादा गुरुजींकडे वळला. गुरुजींनी गोधडीचं एक टोक दोन बोटांनी उचललं, बाळाच्या दुधाचे डाग पाहिले आणि ती बाजूला ठेवली. "हे पुराना राहू द्या, यजमान. पुराना कोण घेतो?" धर्माचा निकाल माझ्या बाजूने लागायची ही पहिलीच वेळ.

दादा गेल्यावर मी गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून कपाटात ठेवली. तिला खोबरेल तेलाचा, ओव्याच्या धुराचा आणि आईचा वास होता. रात्री बाळ उठलं की नवरा म्हणायचा, अगं, काढ ना ती गोधडी, कशासाठी भांडलीस मग? मी म्हणायची, वापरली तर वास जाईल. एवढं एकच औषध घरात होतं आणि ते मला संपवायचं नव्हतं. गंगाजलाचं सीलबंद लोटकं वर्षानुवर्षं देवघरात ठेवणाऱ्यांना मी आजवर हसत आले होते. त्या महिन्यात हसले नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी चाची खिडकीत मटार सोलत बसल्या होत्या. बाळाच्या रडण्याने त्यांची झोप मोडत असणार म्हणून मी माफी मागितली.

"अब क्या माफ़ी, बिटिया," त्या म्हणाल्या. "हमें तो कब की आदत पड़ गई."

मी म्हटलं, आत्ता आत्ताच उठायला लागलाय. अम्मा होती तोवर रात्रभर झोपायचा.

चाचींचे हात थांबले. "कौन झोपता था? अम्मा रात-रात भर टहलती थीं इसको लेके. हम इधर से पूछते, अम्मा, सोईं नहीं? तो मुँह पर उँगली रख देतीं, और तुम्हारे दरवाज़े की तरफ़ दिखातीं." झोपणं हा मराठी शब्द त्या आईकडूनच शिकल्या असणार. आईला हिंदी येत नव्हती.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं.

"सांगितलं का नाही तिने?" मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू रजा वाढवली असतीस."

"वाढवलीच असती."

"म्हणूनच."

डॉक्टर काय म्हणाले होते ते मी आठवून पाहिलं. जागरणाबद्दल ते काही बोलले नव्हते. मी विचारलंही नव्हतं, कारण तेव्हा विचारण्यासारखं काही मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, पण मी विचारणार नाही.

म्हणजे गोधडीने कधी कोणाला झोपवलं नव्हतं. बाळ आजीला शोधत उठतंय, हेही खरं नव्हतं. ते आधीही उठतच होतं, नुसतं त्याच्यासाठी उठणारं माणूस बदललं होतं. इतके दिवस मी ज्याची आठवण काढत होते ती शांत झोप या घरात फक्त मला लागली होती.

त्या रात्री थंडी फार होती, म्हणून मी पिशवीची गाठ सोडली आणि गोधडी अंथरली. बाळाला तिच्यावर ठेवलं आणि थोपटत शेजारी आडवी झाले. कडेला नाक लावलं तर खोबरेलाचा वास अजून होता. मी तशीच पडून राहिले. थोड्या वेळाने बाळ उठलं. गोधडी आरपार ओली झाली होती.

सकाळी ती साबणाने धुऊन गच्चीवर टाकली. बनारसला जानेवारीत धुकं असतं. गोधडी वाळायला तीन दिवस लागतात.