हात धुतानाचा व्हिडिओ

"हात कॅमेऱ्यासमोर धर. हं, आता धू."

शहरातल्या नजरबाद भागातल्या त्या फ्लॅटमध्ये मी कैक वर्षं स्वयंपाक करत होते. मॅडमच्या मुलीला पहिला मऊ भात भरवला तो याच हातांनी. आणि त्या सकाळी मॅडम फोन रोखून माझ्यासमोर उभ्या होत्या.

आदल्या दिवशी त्यांच्या अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता. कुठलीतरी बाई कणकेत थुंकते. तोंड दिसत नाही. गाव कळत नाही. हिरवी साडी तेवढी दिसते. खाली कुणीतरी लिहिलं, ही आपल्याकडे येते तीच ना? हिरवी साडी माझ्याकडेही आहे. संपलं.

"नोडम्मा, हे बघ, माझा विश्वास आहे तुझ्यावर," मॅडम त्यांच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाल्या. "सुम्ने, उगीच दोन मिनिटं. ग्रुपवर टाकते, अष्टे, बास."

मी हात धुतले. चोराने खिसे उलटे करून दाखवावेत तसे उलटसुलट करून दाखवले. कणीक मळली. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण घर त्याच पगारावर चालत होतं.

ग्रुपवरचं उत्तर मॅडमनीच वाचून दाखवलं. "कॅमेऱ्यासमोर कोण थुंकेल?" म्हणजे बिनतोंडाच्या बाईवर सगळ्यांचा विश्वास, आणि माझं तोंड दिसतंय तर ते खोटं! मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून रोज काढू या."

संध्याकाळी घरी आले. लेक फोन घेऊन बसली होती. तिच्या कॉलेजच्या ग्रुपवरही तोच व्हिडिओ आला होता. दोन बोटांनी ती त्या बाईचं मनगट मोठं करून बघत होती. माझ्या मनगटावर गोंदण आहे. ते शोधत होती.

"सुम्ने, उगीच बघत होते गं आई."

माझ्या पोटची पोर. मला ओरडताही आलं नाही. ओरडणार कुणावर, फोनवर? मी चपात्या केल्या. तिने पहिली चपाती उलटून बघितली, मग खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पुन्हा फोन वर धरला. मी नळ बंद केला.

"नाही धुणार."

"अगं, तुझ्याच भल्यासाठी सांगते ना!"

"विचारायचं तर मला तोंडावर विचारा. फोनला मी उत्तर देणार नाही."

त्यांनी विचारलं नाही. दुसरी बाई बघते म्हणाल्या.

आता मी शहराबाहेर कडकोळला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासते. कणकेजवळ मला जाऊ देत नाहीत. व्हिडिओ तिथे माझ्याआधी पोचला होता. तो आता कुणालाच पुसता येणार नाही, आणि त्याच्यापुढे माझं काही चालत नाही.

पण हात मी पुन्हा कुणाला दाखवणार नाही. लेकीलाही सांगितलं, ताट वाढायच्या आधी. फोन खाली ठेव. माझ्याकडे बघ. आणि विचार, आई, ती तूच होतीस का? ते विचारायची हिंमत होत नाही तोवर तुझी चपाती तूच लाट.