पावरीवर उतरलेले चार सूर

वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारीवरून वारा आला, की ठसक्याबरोबर मला पथारीलगतच्या आमच्या शाळेतली ती तालीम आठवते. तीनशे वर्षांपूर्वीचं एक युरोपी विलापगीत मी स्पर्धेसाठी मराठीत बसवत होतो. खाली साथीला तेच चार सूर पुन्हा पुन्हा उतरतात आणि वर गाणारी आकांत करते. आमच्या भूगोलाच्या बाई छान गात, पण माझ्या पेटीवर ते सूर मेल्यासारखे वाजत. दारातून शिपाईमामा म्हणाले, "सर, आमना पाडामा बाया अश्याच रडतस. थांबा, वाजाडी दखाडस." ते धावत जाऊन भोपळा लावलेलं आपलं फुंकवाद्य, पावरी, घेऊन आले. भोपळ्यातून तेच चार सूर घुमत उतरले, बाईंचा आवाज त्यांच्यावर उसळला आणि मी पेटी सोडून उभाच राहिलो! स्पर्धेत टाळ्या थांबेनात. परीक्षकांनी विचारलं, "पावरीची कल्पना कोणाची?" मी म्हणालो, "माझीच." शेजारी पावरी घेऊन उभे असलेले मामा हसले, "आमना सर भारी शेतस!" परवा मामांनी त्या गाण्याचं रेकॉर्डिंग मोबाइलवर पाठवलं, खाली लिहिलं, 'सर, तुमनं गानं'. मी ते सात वेळा ऐकलं, प्रत्येक वेळी तसाच उभा राहिलो, आणि 'मामा, ते तुमचं' एवढं उत्तर अजून लिहिलेलं नाही.